पूलवर लांब रन कसा काढायचा, आणि पावसात टेबल कसं सांभाळायचं

गेल्या आठवड्यात आमच्या मालवणातल्या पार्लरमध्ये एका कॉलेजच्या पोराने विचारलं, दादा एट-बॉलमध्ये आपल्या वाट्याला सात बॉल आणि वर काळा, मग हे ७१४ चा रन वगैरे कुठून येतं. प्रश्न बरोबर होता आणि तेव्हा घाईत नीट सांगता आलं नाही म्हणून आता सविस्तर लिहितोय, कारण आपल्याकडे खूप जण चांगलं पॉट करतात, म्हणजे बॉल पॉकेटमध्ये घालतात, पण हा प्रकार कोणी खेळतच नाही.

हा गेम वेगळा. स्ट्रेट पूल किंवा १४.१ म्हणतात त्याला. पंधरा बॉल, कुठलाही बॉल घ्या, पण कुठला बॉल कुठल्या पॉकेटमध्ये ते आधी सांगायचं, एका बॉलला एक पॉइंट. चौदा गेले की थांबायचं. पंधरावा बॉल जिथे आहे तिथेच राहतो, पांढराही, म्हणजे ज्याला काठीने मारतो तो, जिथे थांबलाय तिथेच, आणि बाकीचे चौदा परत ट्रँगलमध्ये लावायचे, टोकाची जागा रिकामी ठेवून. आता तो बाहेरचा एकटा बॉल असा पॉट करायचा की पांढरा पुढे जाऊन ढिगात घुसला पाहिजे आणि ढीग उघडला पाहिजे. मग परत चौदा, परत रॅक म्हणजे ट्रँगलमधली मांडणी, चुकेपर्यंत. एका दमात जेवढे गेले तेवढा तुमचा रन.

विली मॉस्कोनीने १९ मार्च १९५४ ला अमेरिकेत ओहायोमधल्या स्प्रिंगफील्डला ५२६ काढले, आठ फुटी टेबलवर, आणि बघायला बसलेल्या लोकांनी तसं प्रतिज्ञापत्र सही करून दिलं. तो आकडा पासष्ट वर्षं टिकला. मग जॉन श्मिटने महिनोनमहिने कॅमेरा लावून प्रयत्न केले आणि २७ मे २०१९ ला कॅलिफोर्नियात माँटेरीला ६२६ केले, ते पण नऊ फुटी टेबलवर. आणि जानेवारी २०२२ मध्ये स्कॉटलंडच्या जेसन शॉने ७१४. आता ७१४ ला चौदाने भागा, बरोबर ५१ येतात. म्हणजे ५१ रॅक. मी पहिल्यांदा हा भागाकार केला तेव्हा माझी खेळाकडे बघायची नजरच बदलली, कारण ७१४ अवघड शॉट जगात कोणीच सलग मारू शकत नाही, त्या माणसाने एकावन्न वेळा शेवटचे दोन-तीन बॉल बरोबर ठेवले एवढंच. बाकीचे शॉट बघाल तर तुम्हीआम्ही पण दहातले नऊ वेळा घालू असे आहेत.

म्हणून शिकायचं ते शेवटापासून.

कॅरम खेळणाऱ्यांना हे पटकन कळेल आणि आपल्याकडे कॅरम न खेळलेला माणूस सापडणं कठीण. क्वीन घेताना आपण आधी काय बघतो, कव्हर. कव्हर कुठली सोंगटी, स्ट्रायकरला ती कुठून मिळणार, हे ठरल्याशिवाय क्वीनला हात लावत नाही. इथे क्वीनच्या जागी ब्रेक बॉल आहे, म्हणजे जो शेवटी एकटा राहणार तो, आणि त्याच्या आधीचा चौदावा तो की बॉल. की बॉलवरून पांढरा जिथे थांबेल तिथूनच ब्रेक शॉट खेळायचाय. आमचे मार्कर काका, म्हणजे पार्लरमध्ये टेबलं आणि स्कोअर सांभाळणारे, मी रॅक फोडला की खुर्चीतून विचारायचे, "मेल्या, ब्रेक बॉल खंयचो ठेवतलंस ता आधी सांग, मगे मार." सुरुवातीला वैताग यायचा मला, मोकळा बॉल समोर दिसतोय आणि हे विचारत बसलेत, पण सहा महिन्यांत माझा रन १४ वरून ४० च्या वर गेला तो या एका प्रश्नामुळे, पॉटिंग तेवढंच होतं.

चांगला ब्रेक बॉल कुठला? ट्रँगलच्या बाजूला, ट्रँगलच्या रेषेपासून एक-दोन बॉलांच्या अंतरावर, आणि त्याच बाजूच्या खालच्या कोपऱ्यातल्या पॉकेटमध्ये जाणारा. पांढरा त्याच्या वरच्या अंगाला हवा, सरळ रेषेपेक्षा थोडा कुशनकडे (टेबलाच्या रबरी कडेकडे), म्हणजे बॉल पॉकेटकडे जातो आणि पांढरा दुसऱ्या अंगाने ढिगाकडे. पांढरा बॉल अगदी सरळ मागे असेल तर पॉट सोपा पण पांढरा ढिगाकडे जाणारच नाही, आणि फार पातळ कट असेल तर पॉट सुटायची भीती. पांढऱ्याने त्या बॉलचा साधारण अर्धा भाग झाकला जाईल एवढा कट, म्हणजे अर्ध्या बॉलचा कट, माझ्या मते सगळ्यात बरा.

की बॉल असेल तर तो त्याच बाजूच्या मधल्या पॉकेटजवळचा. तिथे सरळ स्टॉप शॉट मारला की पांढरा जागेवर थांबतो आणि ती जागा बऱ्याचदा ब्रेक शॉटसाठी लागते तीच असते. की बॉलच्या आधीचा बॉल पण ठरवा, म्हणजे की बॉलवर सरळ कसं यायचं ते कळतं. तीन बॉल झाले. यासाठी सराव असा करा, पूर्ण रॅक लावूच नका. ब्रेक बॉल ट्रँगलच्या बाजूला ठेवा, की बॉल मधल्या पॉकेटजवळ, तिसरा कुठेही मोकळा, पांढरा हातात. पहिले दोन क्रमाने घाला आणि पांढरा ब्रेक बॉलच्या वर वहीच्या पानाएवढ्या जागेत आणून थांबवा. तिथे थांबला तरच मोजा, पॉट झाला पण पांढरा भलतीकडे गेला तर ते शून्य. रोज वीस वेळा. कंटाळवाणं आहे आणि टेबलचं भाडं तेवढंच लागतं हे मान्य, पण याच्याइतका फायदा दुसऱ्या कशाने झालेला मी पाहिलेला नाही.

ट्रँगलची बाहेरची कड कापडावर पेन्सिलने बारीक आखून घ्या, मालकाला विचारून. ती नसेल तर ब्रेक बॉल रॅकच्या आत येतोय की बाहेर आहे हे कळतच नाही, आणि आत आला तर तो तिथे राहत नाही, वरच्या स्पॉटवर जाऊन बसतो आणि सगळी आखणी फुकट.

आता ब्रेक शॉट. इथे लोक जोर लावतात आणि तिथेच घात होतो. जोर लागतो पण पॉटची खात्री जाईल एवढा नाही. मुख्य म्हणजे पांढऱ्यावर फिरकी ठेवा, फॉलो (वरून मारून पुढे जाणारी) किंवा स्क्रू (खालून मारून मागे येणारी). नुसता स्टन, म्हणजे लागताना पुढे-मागे फिरकीच नसलेला, मारला तर पांढरा ढिगाला जाऊन चिकटतो आणि मग चौदा बॉल समोर असून एकही शॉट नसतो. पांढरा ढिगाच्या वरच्या भागात लागणार असेल तर मी स्क्रू लावतो म्हणजे तो मागे मोकळ्यात येतो, खालच्या भागात लागणार असेल तर फॉलो. पांढरा कुठे लागणार हे कसं कळणार, तर स्टन असेल तर पॉट होणाऱ्या बॉलच्या रेषेला काटकोनात निघतो, आणि घरंगळत आलेला पांढरा अर्ध्या बॉलच्या कटवर आपल्या मूळ रेषेपासून साधारण ३० अंश वळतो. हे दोन कोन डोळ्यात बसले की निम्मं काम झालं. दर ब्रेकला ढीग पूर्ण फुटलाच पाहिजे असं पण नाही, चार-पाच बॉल सुटले तरी पुरे, बाकीचे मध्येच एखादा बॉल घेता घेता पांढऱ्याने हळू सोडवायचे.

ढीग उघडल्यावर क्रम काय? आधी चिकटलेले बॉल आणि कुशनला टेकलेले बॉल यांचा बंदोबस्त. ते शेवटी ठेवले की शेवटी तेच नडतात. मोकळे, पॉकेटच्या तोंडाशी असलेले बॉल दिसले की हात शिवशिवतो पण ते विम्यासारखे राखून ठेवा, एखादा चिकटलेला सोडवायला गेलो आणि पोझिशन चुकली तर त्यातला एक कामाला येतो. आणि पांढरा टेबलभर फिरवू नका. तीन कुशन फिरून आलेली पोझिशन बघायला भारी वाटते, लोक टाळ्या पण देतात, पण लांब रनमध्ये पांढरा एक-दीड फूटच हलला पाहिजे. साईड, म्हणजे पांढऱ्याला डाव्या-उजव्या अंगाला मारून दिलेली फिरकी, तर मी गरज असेल तरच, कारण साईड लावली की पॉटची रेषा बदलते.

आता आपल्याकडची हवा. याच्यावर कोणी लिहीत नाही म्हणून जरा जास्त लिहितो. जून ते सप्टेंबर समुद्रावरून येणारा वारा आणि दमटपणा यामुळे कापड पाणी धरतं, बॉल जड चालल्यासारखे वाटतात, तोच शॉट मे महिन्यात मारलात तर पांढरा फूटभर जास्त जातो, कुशनवरून सुटायचा कोनही बदलतो. मोठ्या स्नूकर स्पर्धांमध्ये टेबलाच्या खाली हीटर असतात ते उगाच नाही, कापड कोरडं राहावं म्हणूनच. आपल्याकडे ते शक्य नाही पण खेळायच्या तासभर आधी एसी ड्राय मोडवर लावून ठेवायला सांगा, रात्री टेबलावर कव्हर घालायला सांगा, ओले कपडे आणि छत्र्या टेबलाच्या खोलीत नकोत. बॉल पुसा. चॉकची धूळ आणि हाताचा घाम बसलेले बॉल एकमेकांना क्षणभर धरतात आणि पॉट जाड जातो, म्हणजे बॉल ठरवल्यापेक्षा कमी कापला जातो, कितीतरी मिस असे होतात आणि आपण हाताला दोष देतो. किंचित ओल्या सुती फडक्याने पुसून लगेच कोरड्या फडक्याने, एवढंच. हात चिकट होतो म्हणून पोरं टाल्कम पावडर लावतात, कॅरमची सवय, पण इथे ती कापडात बसते आणि ओलीने तिचा थर होतो. त्यापेक्षा तीन बोटांचा ग्लोव्ह घ्या. चॉक उघडा ठेवू नका, झाकणाच्या डबीत ठेवा आणि प्रत्येक शॉटआधी लावा, प्रत्येक म्हणजे प्रत्येक.

आणि पावसात पहिल्या दहा मिनिटांत रन मोजायला सुरुवात करू नका. आधी पांढरा एकटाच लांब कुशनला मारून परत येतो कुठे ते चार-पाच वेळा बघा, आजचं टेबल किती जड आहे ते कळतं.

मोजण्याबद्दल एक गोष्ट, मला ही खूप महत्त्वाची वाटते. सुरुवातीला चौदा बॉल लावून ब्रेक बॉल आणि पांढरा मनासारखा ठेवून सुरू करा, सरावात असंच करतात, पण ते कायम एकाच पद्धतीने करा. पांढऱ्याला शर्टाची बाही लागली, काठी पांढऱ्याला दोनदा लागून डबल हिट झाला, बॉल सांगितलेल्या पॉकेटमध्ये न जाता दुसरीकडे गेला, रन संपला. कोणी बघत नसलं तरी. मागच्या जुलैत मी ३१ वर होतो आणि लाईट गेली. काकांनी मोबाईलचा टॉर्च लावून कोणालाही टेबलजवळ येऊ दिलं नाही, चाळीस मिनिटांनी लाईट आली तेव्हा सगळे बॉल होते तिथेच होते म्हणून मी पुढे मोजलं, एक जरी हलला असता तरी सोडून दिलं असतं.

बिलियर्ड्समध्ये तर आकड्यापेक्षा तो कसा काढला यावरूनच भांडणं झालीत. १९०७ मध्ये इंग्लंडच्या टॉम रीसने दोन बॉल कोपऱ्याच्या पॉकेटच्या तोंडाशी अडकवून, त्यांना आपल्या बॉलने पुन्हा पुन्हा शिवून ४,९९,१३५ चा ब्रेक केला (तिथे सलग काढलेल्या पॉइंटना ब्रेक म्हणतात), आठवडेच्या आठवडे चालला तो, पण पूर्ण वेळ प्रेक्षक आणि पत्रकार हजर नव्हते म्हणून अधिकृत धरला नाही आणि ती पद्धतच बंद केली. वॉल्टर लिंड्रमने जानेवारी १९३२ मध्ये लंडनला ४१३७ केले आणि त्याच्यानंतर पण नियम बदलले. म्हणून आजच्या बिलियर्ड्सचे आकडे त्या आकड्यांशेजारी ठेवून छोटे म्हणायचे नाहीत, मुंबईच्या मायकेल फरेरांनी १९७८ मध्ये नॅशनल्समध्ये हजाराच्या वर ११४९ केले आणि गीत सेठींनी १९९२ च्या वर्ल्ड प्रोफेशनल चॅम्पियनशिपमध्ये १२७६, हे आजही अंगावर काटा आणणारे आकडे आहेत. स्नूकरचं वेगळं, तिथे साधारण १४७ ला छत आहे, पंधरा लाल आणि प्रत्येकाबरोबर काळा म्हणजे १२० आणि वर रंगीत बॉलांचे २७. फाउलनंतर फ्री बॉल मिळाला, म्हणजे लालाच्या जागी दुसरा बॉल घेता आला, तर वर जाता येतं, जेमी बर्नेटने २००४ मध्ये १४८ केलाच होता. पूलच्या या गेमला छतच नाही, म्हणून मला तो जास्त आवडतो.

वही ठेवा. रन किती झाला ते एका रकान्यात आणि संपला कशाने ते दुसऱ्यात, पॉट चुकला, पांढरा चिकटला, ब्रेक बॉलच उरला नाही, फाउल. महिन्याने वाचा. माझ्या वहीत दोन महिने सारखं "ब्रेक बॉल नाही" येत होतं आणि मी मात्र पॉटिंगचा सराव करत बसलो होतो. सध्या माझा सगळ्यात मोठा ५८ आहे. चार रॅक पूर्ण, पाचव्याचा ब्रेक बॉल गेला, त्याच्यानंतर एक, आणि पांढरा दोन बॉलांच्या मागे जाऊन बसला. वहीत लिहिलंय, स्क्रू लावायला हवा होता तिथे फॉलो लावला. शनिवारी संध्याकाळी सहाला टेबल घेतलंय, तोच ब्रेक शॉट मांडून आधी वीस वेळा मारणार आहे आणि मग रॅक लावणार.