रताळी, सुरण, हळदीतलं तण: हजेरी कधी घालायची, कधी नाही

भातकापणी झाली की नोव्हेंबर-डिसेंबरात रताळी लावणारे गोव्यात पेडणे, डिचोली, सत्तरीत बरेच आहेत, आणि खर्च विचारला की वेलाचे, खताचे, पंपाचे पैसे पटकन सांगतात, तण काढायच्या हजेरीवर, म्हणजे मजुराच्या दिवसाच्या रोजावर, आले की मात्र "ते काय, होतं चारपाच जणांत" असं काहीतरी. तिथेच बजेट फुटतं. म्हणून पहिलं काम खुरप्याचं नाही, घड्याळाचं.

तण उगवायला लागलं की एका माणसाला सरीचा १० मीटर तुकडा द्या आणि किती वेळ लागतो ते बघा. समजा १५ मिनिटं लागली. १००० चौरस मीटरात ६० सेंमी अंतराने सरी पाडली तर साधारण १६६० मीटर लांबी होते, चहा-जेवण-सावली वजा करून दिवसाचे खरे कामाचे तास ६ धरा, म्हणजे एक माणूस २४० मीटर, म्हणजे ७ हजेऱ्या. हजेरी समजा ७०० रुपये, तर ४९०० झाले. आता हेच काम दहा दिवस पुढे ढकललं, मुळं धरली, आणि १० मीटरला २५ मिनिटं लागायला लागली तर १२ हजेऱ्या, ८४००. तुमच्याकडचा दर वेगळा असेल, आकडे बदलून घ्या, पण उशिराचा दंड असाच वाढतो.

रताळ्यात पैसे घालायचे ते पहिल्या पाच-सहा आठवड्यांतच. लावणीनंतर पंधरा दिवसांनी एक खुरपणी, महिना-सव्वा महिन्याने दुसरी, आणि दोन्ही वेळा लगेच मातीची भर, वेगळी हजेरी लावू नका. भर घातल्याने बारीक तण पुरलं जातं आणि जमिनीच्या भेगाही बुजतात, रताळ्याचा सोंड्या किडा त्या भेगांतूनच कंदापर्यंत जातो. पुढे वेल पसरून जमीन झाकली की तण आपोआप दबतं. त्यानंतर खुरपं घालणाऱ्याला मी थांबवेन, कारण आत कंद धरलेला असतो, एक घाव बसला की तो कुजणार, आणि बाजारात कापलेलं रताळं कोण घेतो? उंच वाढलेलं तण तेवढं हाताने उपटा, बास. तसंही काजूचा सीझन सुरू झाला की माणूस मिळणार नाही, काजूची बोंडं सोडून तुमच्या सरीत कोण येणार, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीतच उरकलेलं बरं.

लव्हाळा, म्हणजे जमिनीत गाठी धरणारं गवतासारखं तण, असेल तर गणित बदलतं. वरचं पातं ओढून काढलं की शेत स्वच्छ दिसतं, पण खाली गाठी साखळीने जोडलेल्या असतात आणि साखळी तुटली की झोपलेल्या गाठीही फुटतात. अशा शेतात लावणीआधीच खर्च करा. एप्रिल-मेच्या उन्हात नांगरून गाठी वर आणा, वाळू द्या, परत नांगरा. भातानंतर लावणार असाल आणि थोडा वेळ असेल तर सरी पाडून एक पाणी द्या, उगवेल तेवढं उगवू दे, वरवर खरडून काढा आणि मगच वेल लावा. उगवल्यावर तीनेक आठवड्यांत नव्या गाठी धरायला लागतात, त्यामुळे "चवथ (गणेशचतुर्थी) झाल्यावर बघू" हे लव्हाळ्याला चालत नाही.

सुरण आणि हळद पावसाळ्यातली पिकं, आणि नेमकी तेव्हाच माणसं भाताच्या लावणीला गेलेली असतात. इथे खुरपण्यापेक्षा आच्छादन स्वस्त. काजूचा पातेरा (वाळका पाला), माडाची चुडतां (झावळ्या), पेंढा, जे कुळागरात (बागायतीत) पडलंय ते जाड थरात पसरा. हळदीला लावतानाच हेक्टरी १२ ते १५ टन हिरवा पाला आणि पुढे साधारण ४० आणि ९० दिवसांनी तण काढून परत पाला अशी शिफारस आहे, म्हणजे १००० चौरस मीटरला पहिल्या वेळी १२०० किलोच्या वर, हा पाला गोळा करायलाही हजेरी लागते हे विसरू नका. वाळवीकडे लक्ष ठेवा. गवत बी धरल्यावर कापलेलं असेल तर ते आच्छादनाला नकोच, आणि न कुजलेलं शेण तर त्याहून नको, गुरांनी खाल्लेलं बी त्यातून सरळ शेतात येतं.

मुळ्याचं फार काही नाही, ओळीत पेरा, विरळणी करतानाच तण काढा, संपलं.

फवारणी? पेंडिमेथालिन हे तणनाशक तण उगवण्याआधी मारायचं आहे, लव्हाळ्यावर चालत नाही. ग्लायफोसेट हे दुसरं तणनाशक वेलीवर उडालं तर वेलही जाते, शिवाय २०२२च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार ते परवानाधारक कीड नियंत्रण चालकांनीच वापरायचंय. लेबलवर आपलं पीक आहे का ते बघा, नसेल तर दुकानदार काहीही सांगू दे. ब्रश कटर (गवत कापायचं यंत्र) मेरेवर, म्हणजे बांधावर, उत्तम, मेरेवरचं तण बी धरायच्या आधी मारलं तर पुढच्या वर्षीची हजेरी वाचते, पण सरीत तो नेऊ नका.

आणि काढणीच्या दिवशी माती पलटतेच आहे तर सोबत एक बादली ठेवा, लव्हाळ्याच्या गाठी दिसतील तशा वेचा आणि कातळावर कडक उन्हात वाळवा, खताच्या खड्ड्यात टाकू नका.