जुन्या वाड्याच्या सागवानापासून घरासाठी बाक किंवा फळी कशी करावी

वाडा उतरवला की त्याच्या तुळया, कड्या (तुळयांवरची आडवी लाकडे), पाट (रुंद फळ्या), खांब आणि चौकटी वखारीत जाऊन पडतात. त्यांतले पुष्कळसे लाकूड जंगलातल्या मोठ्या झाडांचे, भरपूर गाभा असलेले आणि अनेक दशके छपराखाली वाळलेले सागवान असते. ते चिरून, त्यावर गडद रंग चढवून नव्यासारखे करणे मला पटत नाही. त्यापेक्षा आधी लाकूड पाहावे आणि त्याची लांबी-रुंदी पाहून काय करायचे ते ठरवावे. जाड कडी मिळाली तर बाक, रुंद पाट मिळाला तर भिंतीवरची फळी. कोरीव खांब किंवा गणेशपट्टी (दारावरची गणपती कोरलेली पट्टी) मिळाली तर ती कापू नये, अखंड वापरावी.

लाकूड निवडताना

मुंबईत ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार आणि चोर बाजारातली मटण स्ट्रीट ही जुन्या सामानाची ओळखीची ठिकाणे. इतरत्र घरे उतरवणाऱ्या ठेकेदाराला थेट विचारावे.

कडी भिंतीत जिथे रुतलेली असते तिथे वर्षानुवर्षे ओल लागते, म्हणून टोके आधी कुजतात. खांबाचे तसेच, खालची बाजू आधी जाते. टोकाला जाड खिळा जोरात दाबून पाहा. तो सहज आत शिरला तर तेवढा भाग गेला. मग विक्रेत्याला एक कोपरा रंध्याने तासायला सांगा. सागवान आतून सोनेरी-तपकिरी दिसते आणि त्याला चामड्यासारखा वास येतो. कडेचा पांढरट भाग किडीला लवकर बळी पडतो, तो जितका कमी तितके चांगले.

भाव घनफुटावर असतो. ६ इंच बाय ६ इंच जाडीची ८ फूट कडी म्हणजे २ घनफूट. दोन्ही टोकांचा एकेक फूट कुजका निघाला तर कामाचे लाकूड दीडच घनफूट उरते. म्हणून भाव ठरवण्यापूर्वीच चांगल्या भागाची लांबी मोजा. पावती घ्या आणि लाकूड दूर न्यायचे असेल तर वाहतूक परवाना लागतो का, हे वन विभागाकडे विचारा. परदेशी राहणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे: १०० वर्षांहून जुन्या कोरीव वस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात, त्या सामानासोबत बाहेर नेता येत नाहीत.

कीड, खिळे आणि जुना रंग

सगळ्यात जास्त वेळ याच कामाला द्या.

लाकूड घरात आणण्याआधी काही दिवस गॅलरीत किंवा अंगणात काळ्या कागदावर ठेवा. कागदावर रोज ताजे पिठासारखे पांढरट चूर्ण पडत असेल तर आत कीड जिवंत आहे. नुसती जुनी भोके दिसत असतील आणि चूर्ण पडत नसेल तर बहुधा धोका नाही. जिवंत कीड थोडी असेल तर टाकणखार (बोरॅक्स) आणि बोरिक ॲसिड कोमट पाण्यात विरघळवून रंग-तेल न लावलेल्या लाकडावर दोन-तीन हात द्या. फार असेल तर तो तुकडा घेऊच नका.

खिळे शोधायला लोहचुंबक फिरवा. एकही खिळा राहिला तर रंध्याचे पाते जाते आणि गिरणीवाला लाकूड चिरायला नकार देतो. खिळ्याभोवतीचे काळे डाग म्हणजे लोखंडाची लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी झालेली प्रक्रिया. ते मी तसेच ठेवायला सांगेन, त्यांतून लाकडाचे वय कळते.

जुन्या ऑइलपेंटबाबत मात्र सावध राहा. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा भारतात नोव्हेंबर २०१७पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसे असू शकते. असा रंग कोरडा घासू नका, जाळू नका. पेंट रिमूव्हर लावून ओला असतानाच खरवडा, मास्क घाला, मुलांना आणि गरोदर बाईला लांब ठेवा.

सुकवणे आणि जोडणी

मध्ये पट्ट्या ठेवून लाकूड ज्या खोलीत वापरायचे तिथेच दोन-तीन आठवडे रचा. भर पावसाळ्यात जोडणी टाळा, फुगलेले लाकूड नंतर आकसते आणि सांध्यांत फट पडते. रुंद पाट खालच्या आधाराला जोडताना स्क्रूची भोके लांबट ठेवा, म्हणजे त्याला हलायला जागा राहते. सागवान तेलकट असते, त्यामुळे गोंद लावण्याआधी सांधा स्पिरिटने पुसून घ्या.

घासताना ८०, १२० आणि १८० नंबरचा पॉलिश पेपर पुरे. वाकसाच्या (लाकूड तासायच्या जुन्या हत्याराच्या) खुणा पूर्ण मिटवू नका.

तेल आणि मेण

रंगहीन लॅमिनेटसारखा थर चढवण्यापेक्षा तेल मला योग्य वाटते, कारण ओरखडा पडला तर तेवढाच भाग घासून पुन्हा तेल लावता येते. डबल बॉइल्ड जवसाचे तेल आणि टर्पेंटाइन समप्रमाणात मिसळून पहिला हात द्या. वीस मिनिटांनी उरलेले तेल पुसा, नाहीतर चिकट राहते. एक-दोन दिवसांनी निव्वळ तेलाचे पातळ दोन हात द्या. वरून मधमाशीचे मेण हवे असेल तर एक भाग मेण गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवा, ते भांडे आचेपासून दूर नेऊन मगच तीन भाग टर्पेंटाइन घाला.

तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल सुकताना उष्णता सोडते आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या बाहेर पसरून सुकवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

लाखेची स्पिरिट पॉलिश देखणी दिसते, पण गरम पातेले किंवा पाणी ठेवले की पांढरा डाग पडतो, म्हणून ती जेवणाच्या टेबलावर नको. काजूच्या टरफलांचे तेल कोकणात होड्यांना आणि लाकडाला लावतात. ते वाळवीला आवरते, पण काळपट असते आणि कातडी भाजते, म्हणून बैठकीच्या खोलीत टाळा.

फळी पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीवर लावायची असेल तर मागे अर्धा इंच मोकळी जागा सोडा. पाऊस संपला की दिवाळीच्या साफसफाईत ओले न करता पुसा आणि जिथे लाकूड फिकट, कोरडे दिसेल तिथे तेलाचा एक हात द्या.