सनद भिंतीवर, वकील गल्ल्यावर: या चुका टाळा

आमच्या तालुका कोर्टासमोर एक खत-बियाण्यांचं दुकान होतं. वडील गेल्यावर गल्ल्यावर मुलगा बसू लागला. मुलगा वकील. अकराला कोट चढवून पुकाऱ्याला उभा राहायचा आणि दोनच्या सुट्टीत युरियाचं बिल फाडायचा. गावात कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. दिसलं ते बांधाच्या दाव्यात हरलेल्या पार्टीला. तिनं दुकानाचं बिल आणि वकीलपत्र, दोन्हीवरची एकच सही दाखवून बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे, म्हणजे वकिलांची नोंदणी आणि शिस्त पाहणाऱ्या संस्थेकडे, तक्रार टाकली.

सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, जाते ती मोठ्या घोटाळ्यानंच, असा नव्या वकिलांचा समज असतो. मला कोर्टात पंचवीस वर्षं झाली. सनद अडचणीत येते ती बहुतेक वेळा 'आपल्याकडे असंच चालतं' या वाक्यापायी.

दुकानाचंच घ्या. वारशानं आलेला धंदा वकिलाला सोडून द्यावा लागत नाही. त्यात हिस्सा ठेवता येतो, फक्त कारभार स्वतः पाहता येत नाही. भागीदारीतही नुसता पैसा गुंतवून बाजूला राहता येतं, धंदा वकिलीच्या इभ्रतीला न शोभणारा नसला म्हणजे झालं. कंपनीचं संचालकपद चालतं, व्यवस्थापकीय संचालकाचं चालत नाही. म्हणून परवाना, बँकेतली सही आणि बिलबुक भावाच्या किंवा आईच्या नावावर करा आणि मग गल्ल्यावरून खरंच उठा. कागद बदलून खुर्ची तीच राहिली तर उपयोग शून्य.

नोकरीचं तसंच. संस्थेत पूर्णवेळ पगारी लागलात की बार कौन्सिलला कळवून वकिली थांबवायची असते. 'असू द्या सनद, पुढं कामाला येईल' म्हणत गप्प बसणारे आपल्याकडे थोडे नाहीत. सनद स्थगित ठेवण्याचा अर्ज करा, नोकरी सुटली की पुन्हा चालू करून घ्या. विधी महाविद्यालयात दिवसाला ३ तासांपर्यंत कायदा शिकवायला मात्र मुभा आहे. एकाच वेळी डॉक्टरकी आणि वकिली करू पाहणाऱ्या मुंबईच्या एका डॉक्टरांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. १९९६ मध्ये न्यायालयानं महाराष्ट्र बार कौन्सिलचाच नियम उचलून धरला.

आता मावेजा, म्हणजे सरकारनं घेतलेल्या जमिनीची भरपाई. मराठवाड्यात वकिलाचा पाय सगळ्यात जास्त इथं घसरतो. जमीन तलावात किंवा रस्त्यात गेली, वाढीव मावेज्याचा दावा लावायचा, शेतकऱ्याच्या खिशात दमडी नाही. मग बोलणं होतं, 'आत्ता काही देऊ नका, निकाल लागला की इतके टक्के.' दोघांनाही हे सोयीचं वाटतं, शेतकऱ्याला तर उपकारच वाटतात. पण निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणं नियमानं सरळ बंद आहे. अपघाताच्या दाव्यांनाही तेच लागू. अशिलाची अडचण खरी असेल तर फी कमी सांगा, हप्त्यानं घ्या, पण आकडा रुपयांत आणि आधी ठरवा.

दुसरी घसरण पैसा हातात आल्यावर होते. अशिलाच्या वतीनं रक्कम मिळाली की त्याला लवकरात लवकर कळवायचं असतं. 'पोरीच्या लग्नाला लागतील तेव्हा देऊ' हे ठरवणारे आपण कोण? आलेला प्रत्येक रुपया फीचा की खर्चाचा, हे हिशेबात वेगळं दिसलं पाहिजे. साधी वही चालते. मी आजही लाल पुठ्ठ्याची वही ठेवतो, ज्युनियर हसतात. रक्कम शक्यतो अशिलाच्या खात्यातच जमा होऊ द्या. तुमच्याकडे काही शिल्लक असेल तर आजच हिशेब करून, पावती घेऊन परत करा.

फी राहिली म्हणून फाइल दाबून ठेवणं हीसुद्धा आपल्याकडची जुनी खोड. २००० साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की थकलेल्या फीपोटी वकिलाला अशिलाचे कागद अडकवून ठेवता येत नाहीत. कागद द्या, फीसाठी वेगळा दावा लावा. अशिलाला उसने पैसे देणं आणि त्याचा जामीनदार होणं, दोन्ही टाळा. नात्यातला असला तरी.

जाहिरातीबद्दल थोडक्यात. चौकातल्या फ्लेक्सवर 'फौजदारी तज्ज्ञ' लिहून अभिनंदन करून घेण्याची हौस महागात पडते. पाटी बेताची हवी. तीवर ना 'विशेषज्ञ', ना 'माजी अध्यक्ष, वकील संघ'. २००८ पासून वेबसाइटला परवानगी आहे, पण त्यात नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, शिक्षण, कामाचं क्षेत्र एवढीच ठरावीक माहिती द्यायची. जिंकलेल्या दाव्यांच्या रील नकोत.

गाऊन आणि बँड (गळ्यातली पांढरी पट्टी) घालून बाजारात फिरू नका. उन्हाळ्यात जिल्हा आणि तालुका कोर्टात काळा कोट सक्तीचा नाही, हे अनेकांना ठाऊकच नसतं. परभणीच्या मे महिन्यात घामानं निथळत उभे असतात बिचारे. बँडला मात्र सुट्टी नाही, तालुका कोर्टात फार तर त्याऐवजी काळा टाय चालतो.

नव्यांनी आणखी एक लक्षात ठेवा: नोंदणी झाल्यावर २ वर्षांत अखिल भारतीय बार परीक्षा पास व्हावी लागते. देगलूर, बिलोलीकडच्यांनी तेलंगणातही वेगळी नोंद करायच्या फंदात पडू नये. एका वेळी एकाच राज्याच्या यादीत नाव राहतं आणि तेवढ्यावर देशभर वकिली करता येते.

नोटीस आलीच तर पाकीट टेबलाखाली सारू नका. मुदतीत, कागदांसह उत्तर द्या. शिस्तपालन समिती ताकीद देऊ शकते, सनद निलंबित करू शकते किंवा यादीतून नावच काढू शकते. निकाल विरोधात गेला तर ६० दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील करता येतं. आणि तक्रारदाराशी समेट झाला म्हणजे सुटलो, असं धरून चालू नका. तेवढ्या कारणानं चौकशी बंद होत नाही.

खताच्या दुकानवाल्याला हे उशिरा कळलं. गावात पाच माणसं बसली, समोरच्यानं तक्रार मागे घेतो असं लिहून दिलं, तरी तारखा पडतच राहिल्या. देवगिरी एक्सप्रेसनं चार वेळा मुंबईला गेला. तिसऱ्या खेपेनंतर त्यानं दुकान धाकट्याच्या नावावर केलं, आणि आता युरिया लागला तरी पैसे मोजून, बिल घेऊन नेतो.