अपूर्णांक पाहून पळणाऱ्या पोरासाठी

‘पोट्टं आळशी आहे’ म्हणून मोकळं होऊ नका. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांच्या मते शाळकरी वयात मुलाला ‘मला जमतं’ ही खात्री हवी असते. नाहीतर न्यूनगंड येतो आणि वही दप्तरातच राहते. इथे दुसरे मानसशास्त्रज्ञ, लेव्ह व्हिगॉट्स्की, कामाला येतात: एकट्याला जमत नाही, पण थोड्या आधाराने जमेल, तेवढंच द्यायचं.

नागपूरच्या बर्डी बाजारातून आणलेलं संत्रं सोला. १० फोडी निघाल्या, त्यानं ३ खाल्ल्या, तर किती भाग संपला? लिहू द्या त्यालाच. मग पुस्तकातलं गणित घ्या: पहिल्यात शेवटची पायरी फक्त त्याची, पुढच्यात दोन, असं करत हात काढून घ्या. नुसतं ‘हुशार आहेस’ नको. ‘छेद बरोबर काढलास’ म्हणा. शेजारच्या पोराशी तुलना तर अजिबात नको, बाप्पा!