शेतकरी कंपनीच्या कारभारातून पासवर्ड काढायचा कसा?

सोयाबीनची आवक सुरू झाली की तालुक्याच्या गावातल्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या ऑफिसात दिवसातून दहा वेळा एकच हाक ऐकू येते, "भाऊ, पासवर्ड सांग नं!" काट्यावरचा पोरगा, ग्रेडर, अकाउंटंट, सगळे एकाच लॉगिनवर. पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवर, नाहीतर व्हॉट्सॲप ग्रुपवर. याच लॉगिनमधून सभासदाचा बँक खाते क्रमांक बदलता येतो, काटापावती दुरुस्त होते आणि चुकाऱ्याची यादी बँकेला जाते. उद्या यादीतला एखादा खाते क्रमांक बदललेला निघाला, तर तो कोणी बदलला हे सांगता येणार नाही. नोंदीत सगळीकडे 'ॲडमिन'च.

वाशीम, यवतमाळ, बुलढाण्याकडच्या अशा संस्था डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. दहा-पंधरा माणसं, दोन-तीन असेंबल केलेले डेस्कटॉप, बाकी सगळं मोबाईलवर. पतसंस्था किंवा जिनिंगवाल्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

आधी पासकी समजून घ्या

पासवर्डच्या जागी जी गोष्ट येते तिचं नाव पासकी. कंपनीच्या फायलिंगसाठी डीएससीचा, म्हणजे डिजिटल सहीचा यूएसबी डोंगल ज्यांनी लावला आहे, त्यांना ही लगेच कळेल. डोंगलमध्ये एक गुप्त चाबी असते, ती बाहेर निघत नाही, आत बसूनच सही करते. पासकीतही तेच होतं. गुप्त चाबी तुमच्या फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये राहते आणि वेबसाइटकडे तिची फक्त उघड जोडचाबी असते. लॉगिन करताना वेबसाइट दर वेळी एक नवा आकडा पाठवते. तुम्ही बोट लावलं किंवा फोनचा पिन टाकला की फोन त्या आकड्यावर सही करून परत धाडतो. बोटाचा ठसा फोनबाहेर जात नाही. (डीएससीचा डोंगल संचालकाच्या खिशात कमी आणि सीएच्या कपाटात जास्त असतो, ते सोडा. पासकीचं तसं होऊ देऊ नका.)

पासकी ज्यावर चालते ते वेबऑथन नावाचं मानक मार्च २०१९ मध्ये पक्कं झालं. मे २०२२ मध्ये ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्टने मिळून ते सगळीकडे चालवायचं जाहीर केलं. आज अँड्रॉइड ९ किंवा त्यापुढचा फोन आणि आयओएस १६ किंवा त्यापुढचा आयफोन असेल तर काम भागतं.

यात आपल्याकडच्या माणसाच्या कामाच्या गोष्टी दोन. ओटीपी फोनवर सांगून बसता येतं, पासकी सांगताच येत नाही. नकली वेबसाइट कितीही हुबेहूब असली तरी पत्ता वेगळा असल्यामुळे ब्राउझर तिथे पासकी पुढे करतच नाही. दुसरं, ओटीपीचा एसएमएस रेंजअभावी लटकतो आणि काट्यावर ट्रॅक्टरची रांग लागते. पासकीला एसएमएस लागत नाही, ऑफिसातलं वायफाय पुरतं.

पायरी १: कोणकोणते दरवाजे आपल्या हातात आहेत ते लिहून काढा

नेटबँकिंग, जीएसटी, कंपनी व्यवहार मंत्रालयाचं पोर्टल यांची लॉगिन पद्धत तेच ठरवतात, तिथे आपलं काही चालत नाही. डेस्कटॉपवरची टॅली वेब ॲप नाही, तीही बाजूला ठेवा. उरतं ते असं: कंपनीचा ईमेल, ड्राइव्हवरची कागदपत्रं आणि सभासद-खरेदीचं ॲप. सुरुवात ईमेलपासूनच करा. बाकी सगळ्यांचे 'पासवर्ड विसरलात?'चे दुवे तिथेच येतात. ईमेल गेला की बाकीचं गेल्यातच जमा.

वेळही पाहून घ्या. हे काम एप्रिल-मेमध्ये करायचं. तुरीची गडबड ओसरलेली असते आणि बियाण्या-खताची सुरू व्हायची असते. ऐन दिवाळीत सोयाबीनच्या गर्दीत हात घातलात, तर लोक दोन दिवसांत जुन्या चिठ्ठीवर परत येतील.

पायरी २: एक माणूस, एक खातं

तांत्रिक काही नाही, पण वादावादी इथेच होते. 'ॲडमिन' नावाचं सामायिक खातं मोडा आणि प्रत्येकाला स्वतःच्या नावाचं खातं द्या. काट्यावरच्याला फक्त पावती करता यावी, बँक खाते क्रमांक बदलता येऊ नये. हा बदल एकाने करायचा आणि दुसऱ्याने मंजूर करायचा, अशी सोय ॲपमध्ये करून घ्या.

संचालकांचं लॉगिन पुष्कळ ठिकाणी त्यांचा मुलगा चालवतो. त्यात लपवण्यासारखं काही नाही. मुलाला त्याच्या नावाचं, त्याच्या कामापुरतं खातं द्या. काकाजींचं खातं काकाजींच्याच फोनवर राहू द्या.

पायरी ३: फोन आणि कॉम्प्युटर हातात घेऊन तपासा

ही पायरी घाईत उरकू नका, नंतरच्या अर्ध्या तक्रारी इथूनच येतात. एकेकाला फोन घेऊन समोर बसवा.

फोनला लॉक आहे का? असेल तर त्यात बोटं कोणाकोणाची? घरोघरी एकाच फोनवर बायकोचं, पोराचं बोट घातलेलं असतं आणि पॅटर्न तर सगळ्या पोरासोरांना पाठ. फोन उघडू शकणारा प्रत्येक जण पासकीही वापरू शकतो. जास्तीची बोटं काढा, पॅटर्न बदलून सहा आकडी पिन घाला.

मग फोनमधलं जीमेल खातं पाहा. ते फोन घेताना दुकानदाराने बनवून दिलेलं असतं आणि त्याचा पासवर्ड मालकाला ठाऊक नसतो. अँड्रॉइडवरच्या पासकी सहसा याच गूगल खात्यात साठतात आणि नव्या फोनवर तिथूनच उतरतात. खातं परक्याच्या हातात असेल तर पुढच्या सगळ्या मेहनतीवर पाणी. त्या खात्याचा पासवर्ड बदला, रिकव्हरीला मालकाचाच नंबर घाला आणि दुसऱ्या कोणत्या उपकरणांवर ते उघडं आहे तेही पाहून बंद करा.

बोटांचा प्रश्न वेगळा. कापूस वेचून, फवारणी करून बोटांवरच्या रेषा झिजतात. "माहा अंगठा रेशनच्या मशीनवर नाई उठत, याच्यावर कसा उठन?" असं कोणी म्हणालं तर ते बरोबरच आहे. त्यांना सांगा की इथे आधारच्या कुठल्याही यादीशी जुळवाजुळव होत नाही आणि बोट नाही लागलं तर फोनचा पिन चालतो. असं सांगितलं की निम्मा विरोध मावळतो.

आता डेस्कटॉप. फोनमधल्या पासकीने कॉम्प्युटरवर लॉगिन करायचं तर पडद्यावरचा क्यूआर कोड फोनने स्कॅन करावा लागतो. त्यासाठी दोन्हीकडे इंटरनेट हवं आणि ब्लूटूथही हवं, कारण फोन खरोखर जवळ आहे का हे ब्लूटूथवरून तपासलं जातं. असेंबल केलेल्या डेस्कटॉपला बहुधा ब्लूटूथ नसतं, मग 'क्यूआर चालत नाही' म्हणून बोंब उठते. यूएसबीचा छोटा ब्लूटूथ डोंगल लावा किंवा विंडोज हॅलोचा (विंडोजच्या स्वतःच्या लॉगिनचा) पिन ठेवून त्याच कॉम्प्युटरवर पासकी बनवा. त्यासाठी विंडोजमध्ये प्रत्येकाचा वेगळा युजर लागेल. विंडोज १० अजून असेल तर त्याला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, हेही मनात ठेवा.

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला एक ताकीद द्यायची. आपल्याकडे काहीही बिघडलं की 'विंडोज मारून देतो' हा ठरलेला इलाज असतो. कॉम्प्युटरमध्येच राहणारी पासकी फॉरमॅटबरोबर जाते. विचारल्याशिवाय फॉरमॅट नाही.

पायरी ४: पासकी सुरू करा

कंपनीचा ईमेल गूगल वर्कस्पेसवर (संस्थांसाठीचं जीमेल-ड्राइव्ह) असेल तर ॲडमिन कन्सोलमध्ये सुरक्षा विभागातल्या ऑथेंटिकेशनखाली 'पासवर्डलेस' सापडेल. तिथे पासवर्ड न टाकता पासकीने साइन-इन करायची परवानगी द्या. मायक्रोसॉफ्टचं असेल तर एन्ट्रा (मायक्रोसॉफ्टची खाती सांभाळायची जागा) ॲडमिन सेंटरमधल्या ऑथेंटिकेशन मेथड्समध्ये 'पासकी (फिडो२)' चालू करा. दोन्हीकडे आधी दोघा-तिघांवर आठवडाभर चालवून पाहा, मग बाकीच्यांना जोडा.

स्वतःच्या ॲपसाठी रस्ते दोन. ॲपचं लॉगिन गूगल, मायक्रोसॉफ्ट किंवा कीक्लोकसारख्या लॉगिन सांभाळणाऱ्या मुक्त (ओपन सोर्स) प्रणालीकडे सोपवा, नाहीतर डेव्हलपरकडून पासकी थेट ॲपमध्ये बसवून घ्या. माझं मत पहिल्या रस्त्याला. सांभाळायला एकच जागा राहते आणि माणूस नोकरी सोडून गेला की एकाच ठिकाणी खातं बंद करून भागतं.

थेट बसवायचं ठरलं तर सगळ्यात आधी विचारा की डोमेन, म्हणजे ॲपचा वेब-पत्ता, कोणाच्या नावावर आहे. पुष्कळदा ते अमरावती-नागपूरच्या डेव्हलपरने स्वतःच्या नावावर घेतलेलं असतं. पासकी डोमेनला बांधलेली असते. उद्या डेव्हलपरशी फिसकटलं आणि डोमेन बदलावं लागलं, तर सगळ्यांच्या पासकी एका दिवसात निकामी. म्हणून आधी डोमेन कंपनीच्या नावावर करा, मगच कामाला हात लावा.

पुढचं डेव्हलपरला लिहून द्या. सही तपासायला तयार लायब्ररी वापर, स्वतः काही लिहू नको. पीएचपी, पायथन, नोड सगळ्यांसाठी त्या आहेत. साइट एचटीटीपीएसवरच हवी, त्याशिवाय पासकी चालत नाही. सर्व्हरने दर वेळी नवा आकडा बनवायचा आणि तो एकदाच चालायला हवा. बोट किंवा पिनची तपासणी सक्तीची ठेव. पासकीतली युजरची ओळख म्हणून मोबाईल नंबर किंवा ईमेल घालू नको, यादृच्छिक क्रमांक घाल. एका माणसाला एकापेक्षा जास्त पासकी जोडता यायला हव्यात.

पायरी ५: फोन हरवला तर परत आत कसं यायचं?

फोन विहिरीत पडतो, बसमध्ये राहतो, चोरीला जातो. हे आधीच धरून चाला. प्रत्येकाच्या दोन पासकी हव्यात आणि त्या दोन वेगळ्या उपकरणांवर हव्यात. अकाउंटंट आणि ज्या दोघांना ॲडमिनचे अधिकार दिले त्यांना यूएसबीची सिक्युरिटी की (पासकी साठवणारं पेनड्राइव्हसारखं उपकरण) घेऊन द्या, प्रत्येकी दोन. एक जवळ, दुसरी तिजोरीत, नाव घातलेल्या सीलबंद पाकिटात. पाकीट उघडलं तर रजिस्टरला दोन संचालकांच्या सह्या. या कीचा पिन लागोपाठ आठ वेळा चुकला तर ती लॉक होते, मग रिसेट करावी लागते आणि आतल्या पासकी पुसल्या जातात, हे देतानाच सांगून ठेवा.

दुसरी पासकीही हाताशी नसेल तर माणसाने ऑफिसात समक्ष यायचं. ॲडमिनने चेहरा पाहून थोड्या वेळापुरता एकदाच चालणारा कोड द्यायचा. एन्ट्रामध्ये टेम्पररी ॲक्सेस पास नावाने ही सोय आहे. फोनवरून कोणालाही नाही. "अध्यक्ष साहेब बोलतो, मुंबईला आहे, लवकर कर" म्हटलं तरी नाही. भामटा पासकी फोडायच्या भानगडीत पडत नाही, तो हाच रस्ता धरतो. आवाज ओळखीचा वाटला म्हणून कोड दिला तर बाकीच्या पायऱ्यांचा उपयोग राहत नाही.

पायरी ६: जुना दरवाजा बंद करा

पासकी आली, पण 'पासवर्डने लॉगिन करा' ही ओळ तशीच राहिली, असं बहुतेक ठिकाणी होतं. मग चोर तिथूनच येतो. स्वतःच्या ॲपमध्ये सगळ्यांच्या दोन-दोन पासकी झाल्या की पासवर्डचा रकाना आणि एसएमएस ओटीपी दोन्ही काढून टाका.

गूगल वर्कस्पेसमध्ये मात्र खात्याला पासवर्ड राहतोच. तो लांबलचक, कोणालाही पाठ नसलेला करा आणि टू-स्टेप (पासवर्डनंतरची दुसरी तपासणी) सक्तीची करा. ॲडमिनच्या खात्यांना दुसरी पायरी म्हणून फक्त सिक्युरिटी कीच चालेल असं ठरवता येतं. मायक्रोसॉफ्टकडे हीच सक्ती कंडिशनल ॲक्सेस या एन्ट्रातल्या नियमांमधून करतात, पण त्याला एन्ट्रा आयडी पी१ हा पैसे मोजायचा परवाना लागतो.

पायरी ७: रोजची राखण

माणूस काम सोडून गेला की त्याच दिवशी त्याचं खातं बंद करा आणि पासकी काढा. हंगामापुरता ठेवलेला पोरगाही यात आला.

पासकी दरवाजापाशी राखण करते. लॉगिन उघडं ठेवून कोणी चहाला गेला तर ती काही करू शकत नाही. सामायिक कॉम्प्युटरवर दहा मिनिटांत आपोआप लॉगआउट ठेवा आणि खाते क्रमांक बदलताना पुन्हा पासकी मागा. एनीडेस्कसारखं दूरवरून कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर दुरुस्तीपुरतं टाका आणि काम झालं की काढून टाका.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग (कोणी कधी काय केलं याच्या नोंदी) १८० दिवस ठेवावे लागतात आणि घुसखोरीसारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. पैसे गेले असतील तर बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा. हे दोन्ही नंबर, आणि कळवायचं कोणी त्या माणसाचं नाव, कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा. पासवर्डची चिठ्ठी काढल्यामुळे तिथे जागा झालेलीच आहे.