जर्मनमधील समानार्थी वाटणारे शब्द कसे ओळखावेत

जर्मन शिकताना दोन शब्दांचा मराठी अर्थ एकच दिसला, तर त्या अर्थावर विसंबू नये. प्रत्येक शब्द वाक्यात कोणती रचना मागतो, ते आधी पाहावे. ‘विसेन’ आणि ‘केनेन’ या दोहोंना आपण ‘माहीत असणे’ म्हणतो, परंतु ‘की’ या अर्थाच्या ‘दास’ने सुरू होणारे गौणवाक्य केवळ ‘विसेन’ घेते, तर एखादी व्यक्ती किंवा शहर परिचयाचे आहे, हे सांगायला ‘केनेन’च लागते.

रचनेवरून उलगडा झाला नाही, तर सोबतची नामे पाहावीत. मत बदलते तेव्हा ‘एन्डर्न’ येते. टायर काढून दुसरा बसवला जातो तेव्हा ‘वेक्सेल्न’. अशा जोड्या शोधण्यासाठी डीडब्ल्यूडीएस या ऑनलाइन कोशातील ‘वोर्टप्रोफील’ हा विभाग द्विभाषिक कोशापेक्षा, माझ्या मते, कितीतरी उपयोगी आहे, कारण कोणत्या क्रियापदाबरोबर कोणती नामे वारंवार येतात, हे तो दाखवतो.

‘शाइनबार’ म्हणजे नुसते भासणारे आणि ‘आनशाइनेंड’ म्हणजे बहुधा खरे, हा भेद मात्र बोलताना जर्मनभाषकही नेहमी पाळत नाहीत. तो लेखनापुरता सांभाळला तरी पुरते.