पिकोसेकंदांचा स्पंद वायूत वाढवायचा तर आधी दाब ठरवा

कार्बन डायऑक्साइड लेसरने पिकोसेकंदांच्या (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) प्रकाश-स्पंदाची ऊर्जा वाढवायची असेल, तर किती जूल मिळतील हा हिशेब बाजूला ठेवा. आधी दाब ठरवा. फोंड्याला माझ्याकडे एम.एस्सी.ची मुलं प्रकल्प घेऊन येतात, त्यांना वहीत पहिली ओळ मी हीच लिहायला लावतो. (१९६४ मध्ये हा लेसर घडवणारे कुमार पटेल बारामतीत जन्मले, हेही आवर्जून सांगतो.)

या वायूत वर्धन (प्रकाश वाढवण्याची क्षमता) सलग मिळत नाही, सुट्या रेषांवर, म्हणजे ठरावीक वारंवारतांवरच मिळतं. १० मायक्रॉन तरंगलांबीजवळ या रेषांचे दोन गट आहेत, पी आणि आर शाखा: पी शाखेत रेषा साधारण ५५ गिगाहर्ट्झ अंतरावर, आर शाखेत ४० च्या आसपास. एका वातावरणाच्या दाबाला एकेका रेषेची रुंदी जेमतेम चार-पाच गिगाहर्ट्झ. आणि स्पंद जितका छोटा तितका वारंवारतांचा पट्टा रुंद हवा: २ पिकोसेकंदांच्या स्पंदाला लागतात सुमारे २२० गिगाहर्ट्झ! मग काही रेषांवर तो वाढतो, मधल्या जागा कोरड्या राहतात, आणि एका स्पंदाऐवजी माळच बाहेर पडते: पी शाखेत १८ पिकोसेकंदांच्या अंतराने, आर शाखेत २५ च्या.

दाब १० वातावरणांपर्यंत नेला की रेणूंच्या टकरींमुळे रेषा रुंदावून एकमेकींत मिसळू लागतात. आर शाखाच निवडा, तिथली फट लहान. उरलेल्या खाचा भरायला ऑक्सिजन-१८ (ऑक्सिजनचा जड समस्थानिक) असलेला कार्बन डायऑक्साइड मिसळतात, त्याच्या रेषा वेगळ्या जागी पडतात. अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेने हाच मार्ग धरला. वायू महाग आहे, पण पैसा घालायचा तर इथेच.

एवढ्या दाबाला डिस्चार्ज (वायूला ऊर्जा देणारा विजेचा प्रवाह) पसरत नाही, एकाच जागी ठिणगी धरते. म्हणून मुख्य व्होल्टेज देण्याआधी अतिनील किंवा क्ष-किरणांनी वायू आयनित करून घ्या. नायट्रोजन आणि हेलियम मिश्रणात हवेतच.

खिडक्या झिंक सेलेनाइडच्या, जाड. मिठाच्या खिडक्या स्वस्त पडतात, पण आपल्याकडे पावसाळ्यात बरणीतल्या मिठालाही पाणी सुटतं, तिथे पॉलिश कुठून टिकणार? शिवाय सेलेनाइडमधून हेलियम-निऑनचा लाल किरण आरपार जातो, जुळणी डोळ्यांनी करता येते. जर्मेनियममधून तो जात नाही. तीव्रतेने वायूला तडा जात नाही, खिडकीला जातो, तेव्हा किरण रुंद करूनच बाहेर काढा. मुख्य किरण अदृश्य असतो. गॉगल लावा, आणि किरणाचा ठसा दुकानाच्या बिलाच्या थर्मल कागदावर घ्या. सप्लाय बंद असला तरी हात घालण्याआधी कपॅसिटर अर्थिंग रॉडने रिकामे करा.

मग ऑटोकोरिलेशन (स्पंदाची त्याच्याच प्रतीशी तुलना करून केलेलं मोजमाप) घ्या. २५ पिकोसेकंदांवर बाजूची शिखरं दिसली तर आरसे हलवत बसू नका. दाब वाढवा किंवा मिश्रण बदला.